चावी फिरवण्याआधी

मोहदरी घाटात एसटी बंद पडली, तसा मालनचा जीव टांगणीला लागला. मांडीवर रबरी नळ्यांचं भेंडोळं. वस्तीच्या गोबरगॅस सोसायटीनं त्या आणायला तिलाच नाशिकला धाडलं होतं, बी. ए. झालेली सून, दुकानदाराला फसायची नाही. बाळ घरी सासूजवळ होतं, आणि तपकीर ओढून ओढून सासूबाईंना वासाचं भान उरलं नव्हतं.

सोसायटीची टाकी सगळ्यांची. शेण घरोघरचं, गॅस मात्र सकाळ-संध्याकाळ एकदमच सुटायचा. देवराम टाकीवरची चावी फिरवायचा. सकाळी गॅस संपला की शेगडी आपोआप विझे, अन् बायका बटण तसंच उघडं टाकून रानात पळत. संध्याकाळी चावी फिरली की गॅस त्या घरात नुसता कोंडत राहणार. हे पहिल्यांदा मालनच्या ध्यानात आलं. तेव्हापासून बाळाला काखोटीला मारून ती रोज संध्याकाळी चावी फिरण्याआधी दारोदार बटणं तपासत फिरे.

"आल्या इन्स्पेक्टरीणबाई," शेजारची भागीबाई म्हणे. "भाकर करपली का तेबी बघून जा."

"बघते की. आधी बटण बंद करा, मावशी."

आज कोण बघणार?

शेवटी मागून आलेल्या कोबीच्या ट्रकनं तिला फाट्यावर सोडलं. ती पळतच निघाली. अंधारून आलेलं, अन् वस्तीत एकही शेगडी पेटलेली नाही.

टाकीच्या कट्ट्यावर बायका बसल्या होत्या. बाळ भागीबाईच्या मांडीवर, गुळाचा खडा चोखत.

"मी कवाचा म्हणतोय, सोडू का, सोडू का," देवराम कुरकुरला. "पर ही भागीबाई चावीला हात लावू देत नाय."

"अगं, आम्ही घरोघर बघितलं," भागीबाई म्हणाली. "एकच बटण उघडं घावलं. तुझ्या घरचं."

सकाळची एसटी गाठायची घाई मालनला आठवली. कानशिलं तापली.

"केलं मी बंद. पर म्हनलं, इन्स्पेक्टरीणच चुकती, तर आमचा काय भरवसा? तू येऊन एकदा बघ, मगच सोडू. पोरं तवर मरत नाय भुकेनं."

मालननं बाळाला घट्ट उराशी घेतलं. मग फेरी सुरू झाली. तिनं बटण चाचपलं की पाठोपाठ भागीबाईही चाचपे. एरवी मालनला राग आला असता. आज तिला फार हलकं वाटत होतं.

"सोड रे देवराम," भागीबाईनं शेवटच्या दारातून हाक दिली.