कापसातनं येत न्हाय

"वळली का न्हाई? सांगा की धोंडुबाई, वळली का न्हाई?"

मौलाली पिंजाऱ्याच्या हातातली लाकडी मोगरी अजून वरच होती. कापूस पिंजायच्या, तुळईला टांगलेल्या पिंजणीची आतड्याची तात घुमत होती, आणि मधल्या खांबाला पाठ लावून बसलेली तीन वर्षांची अमीरबी मान वळवून बापाकडे बघून हसत होती.

धोंडुबाई शेजारच्या. आडावर जाताना आपण पोरीला चार हाका मारल्या आणि पोर ढिम्म हलली नाही, एवढंच सांगायला त्या आल्या होत्या. पण त्यांचं हळू बोलणंसुद्धा रंकाळ्यापर्यंत ऐकू जाई.

"तातीला वळली," त्या म्हणाल्या. "माझ्या हाकंला न्हाई वळली."

"तुमच्या हाकंला तुमचं मालक तरी वळत्यात व्हय?"

मौलालीची थोरली चौघं पोरं फिदीफिदी हसली. धोंडुबाईसुद्धा तोंडाला पदर लावून निघून गेल्या. चुलीपुढे भाकरी थापणारी ताजबी तेवढी हसली नाही. तिने थापता थापता लेकीकडे एकदा बघितलं आणि भाकरी तव्यावर टाकली.

हे असं वरचेवर होई. पोर अजून बोलत कशी नाही असं कुणी म्हटलं, की मौलाली उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसे. तो तात छेडी, पोर वळे, वाद संपे. पिंजाऱ्याचं लेकरू तातीवर झोपतं आणि तातीवरच उठतं, असं त्याचे सगळे भाऊबंद म्हणत. अमीरबी तर पाळण्यात असल्यापासून तशी. पाळणाही त्याच तुळईला बांधलेला होता. कान नसते तर हे झालं असतं का? बोलेल सावकाश. काही पोरं उशिरा बोलायला लागतात आणि मग धोंडुबाईंसारखी थांबतच नाहीत.

मात्र एका गोष्टीची तो मनातून वाट बघत होता. आपल्या पहिल्या चारही पोरांनी आधी 'अब्बा' म्हटलं, मग 'अम्मा', असं तो सगळ्यांना सांगत असे. ताजबीच्या मते हे साफ खोटं होतं. आता राहिली होती अमीरबी. तिच्या तोंडून 'अब्बा' ऐकायला तो माणूस आसुसला होता.

मौलाली चुलत्याच्या घरी एकटा वाढलेला. लहानपणी त्याच्याशी भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. म्हणून स्वतःच्या घरातली ही जत्रा बघून त्याला रोज नव्याने नवल वाटे. उन्हाळ्यात तर विचारूच नका. महाराजांनी शाळा सक्तीची केल्यापासून ख्वाजा पाटी घेऊन जायचा, पण आता सुट्टी होती. हसन-हुसेन हे जुळे सकाळी डोळे उघडायच्या आधीच एका टोपीवरून भांडायला लागत. थोरली बिबीजान नऊ वर्षांची, पण तिचा दरारा फौजदाराचा. दुपारी सगळी माठाशेजारच्या गार जमिनीवर पालथी पडत, आणि ऊन उतरलं की वरात रंकाळ्यावर निघे. महाराजांचे हत्ती पाण्यावर आलेले असले, की पोरं आ वासून हत्तींकडे बघत आणि मौलाली हत्ती सोडून पोरांकडे बघत बसे. ही एवढी सगळी आपली? आपल्या अंगणात? कुणी दिली? त्याला खरोखर कळत नसे.

दुसऱ्या दिवशी माईंकडे काम होतं. माई म्हणजे माधवराव मास्तरांच्या मंडळी. घरात लग्न आलं होतं, आणि साऱ्या गाद्या-उशा उसवून, कापूस पिंजून पुन्हा भरायच्या होत्या. असल्या मोठ्या कामाला मौलाली सगळं बिऱ्हाड घेऊन जाई. खांद्यावर पिंजणी टाकून तो पुढे तात छेडत चाले, म्हणजे पेठेतल्या बायकांना पिंजारी आल्याचं कळे. संध्याकाळी घरी परततानाही तो गल्लीच्या तोंडाशी तात छेडी. मग पाचही पोरं धावत येत, आणि त्यांत अमीरबीही असे. हा त्याचा दुसरा पुरावा होता.

माईंच्या परसात फणसाचं मोठं झाड होतं. मौलालीने आडव्या फांदीला पिंजणी टांगली. ताजबी गाद्या उसवायला बसली. पोरांनी दडपलेला कापूस हाताने मोकळा करायचा, एवढंच त्यांचं काम. पण घटकाभरात हसनला पांढऱ्या मिशा आल्या, हुसेनला दाढी आली आणि ख्वाजा कापसाचं पागोटं घालून मास्तर झाला. अमीरबी पिंजलेल्या ढिगाच्या मधोमध बसली होती. ती कापसाचा एकेक पुंजका तळहातावर घेऊन फुंकर मारी आणि तो हवेत तरंगला की आनंदाने टाळ्या पिटी.

माई अढीतले आंबे घेऊन बाहेर आल्या. आजऱ्याकडच्या पाहुण्यांनी पाठवलेले रायवळ आंबे, नुसत्या वासाने परस भरून गेलं. चौघं पोरं माईंभोवती गोळा झाली.

"अगं छकुले, तुला नको का?" माई म्हणाल्या. "ए बाळ! आंबा घे की. इकडे बघ!"

अमीरबी पाठमोरी बसून पुंजके उडवत राहिली. माईंनी आणखी दोन हाका मारल्या. मग त्यांचा आवाज हळू झाला.

"मौलाली, हिला ऐकू येतं ना रे?"

"न येऊन काय? थांबा माई, दावतो तुम्हाला."

त्याने मोगरी उचलली आणि तातीवर दणका दिला. फणसावरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या. गोठ्यातल्या गायीने मान वर केली. माई दचकल्या. अमीरबीने एक पुंजका उडवला आणि दुसरा हातावर घेतला.

मौलाली हसला. त्याने पुन्हा दणका दिला. पोर वळली नाही. तिसऱ्यांदा त्याने दात-ओठ खाऊन मोगरी हाणली, आणि ताडकन तात तुटली. तुटलेलं टोक त्याच्या मनगटावर सपकन बसलं. ताजबीच्या हातातला चाकू थांबला.

बोलली ती बिबीजान, आंबा चोखत चोखत, अगदी सहज.

"अब्बा, ती कापसावर बसलीया की. कापसातनं तिला येत न्हाय."

"काय येत न्हाय?"

"आवाज. तिला पाठीतनं न्हाईतर पायातनं येतो. घरात खांबाला टेकती न्हवं का, तवा कळतंय तिला."

बापाला समजत नाहीसं बघून बिबीजानने आंबा ख्वाजाकडे दिला, अमीरबीला ढिगातून उचललं आणि फणसाच्या बुंध्याला पाठ लावून बसवलं.

"आता मारा मोगरी. झाडावर."

त्याने बुंध्याच्या मागच्या बाजूला मोगरी मारली. अमीरबी लगेच वळली आणि बापाकडे बघून हसली, रोज हसायची तशीच.

मौलालीने मोगरी खाली ठेवली. कान, कान म्हणून जे तो इतके दिवस साऱ्या गल्लीला दाखवत आला, तो घरचा खांब होता. गल्लीच्या तोंडाशी ती धावत येई, ती भावंडं धावत म्हणून.

"तुला कवापास्नं म्हाईत हाय ह्ये?" त्याने विचारलं.

"पयल्यापास्नं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

बिबीजानला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्हाला म्हाईत न्हवतं व्हय?"

ताजबीने चाकू बाजूला ठेवला. "मला पाळण्यापास्नं शंका हुती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण एकेक शब्द टोचत गेला. "मी काय बोलाय लागलं की तुम्ही तात वाजवायचा. मग मी कुणाजवळ बोलू?"

आता मौलालीजवळ छेडायला तातही नव्हती.

"मग तुम्ही तिच्याशी बोलता कसं?" माईंनी पोरांना विचारलं. विचारलं आणि झालं! चौघांनाही आपापलं दाखवायची घाई झाली. ख्वाजा तिला बोलवायचा तर तिच्यापुढे खडा टाकायचा. हसन-हुसेन मानेवर फुंकर मारायचे. हत्ती म्हणजे एक हात नाकापाशी धरून झुलवायचा. आंबा म्हणजे मूठ चोखायची. रंकाळा म्हणजे दोन्ही हात पसरून गार वाऱ्यात डोळे मिटायचे. अमीरबी सगळ्यांच्या मध्ये उभी राहून प्रत्येकाची चूक काढत होती; हुसेनचा हत्ती नीट झुलला नाही म्हणून तिने त्याचा हात धरून स्वतः झुलवला.

"आणि धोंडुबाई?" ख्वाजाने खूण केली.

अमीरबीने दोन्ही मुठी कमरेवर ठेवल्या आणि माशासारखं तोंड उघडझाप केलं, किती तरी वेळ. माई हसून हसून ओट्यावर बसल्या. डोळे पुसत पुसत ताजबीही हसली. माईंनाही लगेच नाव मिळालं, दोन्ही ओंजळी पुढे करायच्या.

मौलालीच्या घरात, त्याच्या डोळ्यांदेखत, या एवढ्याशा पोरांनी एक अख्खी बोली तयार केली होती आणि त्याचा कुणी गाजावाजा केला नव्हता. ना त्यांना कुणी शिकवलं, ना कुणी सांगितलं. टोपीवरून भांडणारी ही पोरं, आणि यांनी हे केलं!

"अम्मा कशी करती?" त्याने हळूच विचारलं.

ख्वाजाने ताजबीकडे बोट दाखवलं, आणि अमीरबीने हवेतच भाकरी थापली.

"आणि..." तो म्हणाला. ख्वाजाने बापाकडे बोट दाखवलं.

अमीरबीने उजवा तळहात आपल्या छातीवर पालथा ठेवला आणि बोटं भराभर थरथरवली.

"म्हंजी तात," हुसेन म्हणाला.

"तसं न्हाई रे," बिबीजान म्हणाली. "अब्बा काम कराय लागलं की तिला हितं हुतंय. म्हणून त्ये अब्बा."

मौलालीने तोंड फिरवलं. तो उठला, पिशवीतून नवी तात काढली आणि पिंजणीला चढवू लागला. ती चढायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला, पण ताजबीने घाई केली नाही.

ऊन उतरल्यावर सगळी घरी निघाली. मौलाली आज मागून चालत होता. रस्त्यात टांगा आला तेव्हा त्याने पाहिलं, ख्वाजा न सांगता अमीरबीच्या त्या बाजूला गेला. बिबीजानचं बोट तिच्या मुठीत होतं. हसन पुढे, हुसेन मागे. रोज ती अशीच चालत असणार. त्याला वाटायचं, पोरं नुसती घोळक्याने उंडारतात. देवाने एकीचे कान काढून घेतले, पण तिच्याभोवती चौघं उभी केली होती, असं त्याच्या मनात आलं. एवढ्याने त्याचं दुःख गेलं नाही, पण पोरीचं कसं होईल हे भय वाटेनासं झालं.

दुसऱ्या दिवशी तो माईंकडचं उरलेलं काम उरकायला एकटाच गेला. संध्याकाळी परतला तेव्हा सवयीने हात तातीकडे गेला होता, पण गल्लीच्या तोंडाशी त्याने तो आवरला. धोंडुबाई दारात होत्या. "आज वाजवलं न्हाई ते? तात तुटली का काय?"

"तुटलीती की," मौलाली म्हणाला. "तुमचंच खरं हुतं, धोंडुबाई. पोरीला ऐकू येत न्हाई."

धोंडुबाईंना जन्मात पहिल्यांदाच काय बोलावं ते सुचलं नाही.

चौघं भावंडं अंगणात गोट्या खेळत होती. त्याने ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प केलं. अमीरबी घराच्या लाकडी उंबऱ्यावर पाठमोरी बसली होती. माईंनी काल बांधून दिलेल्या आंब्यांपैकी शेवटच्या आंब्याची कोय ती चोखत होती, आणि कोपरापर्यंत ओघळ आले होते. मौलाली चपला काढून पुढे झाला. खांद्यावरची पिंजणी उतरवून त्याने तिचं टोक उंबऱ्याला टेकवलं आणि एका बोटाने तात छेडली, अगदी हलकेच.

अमीरबीने मागे वळून पाहिलं नाही. तोंडातली कोयही काढली नाही. तिने दुसरा, रसाने माखलेला हात आपल्या छातीवर पालथा ठेवला आणि बोटं थरथरवली.