एका डिस्कला एकच दार

मित्रांनो, मला एका जागी गप्प बसता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी मेनफ्रेमच्या कपाटातली एक जुनी डिस्क आहे आणि मिनिटाला दहा हजार गिरक्या घेते. तुमच्या चुळबुळीला आई कंटाळली असेल, तर तिला माझ्याकडे पाठवा. तुम्ही तिला लगेच गुणी वाटू लागाल.

मेनफ्रेम म्हणजे कपाटाएवढा मोठा कॉम्प्युटर. हिशेब त्याने करायचे आणि लक्षात आम्ही ठेवायचं, अशी आमची वाटणी. माझा जन्म धुळीचा कणही नसलेल्या खोलीत झाला. तिथली माणसं नखशिखांत पांढऱ्या कपड्यांत असत आणि कोणाला शिंक आली तरी पंचाईत व्हायची. तिथून मी या खोलीत आले. इथे फरशीखालून सतत गार वारा सोडतात, त्यामुळे भर उन्हाळ्यातही माणसं स्वेटर घालून येतात.

या घरची एक जुनी शिस्त आहे. प्रत्येक डिस्कला एक पत्ता, म्हणजे एकच दार. आत एका वेळी एकच मागणी येणार. तिचं काम झालं की दुसरी. बाकीच्यांनी बाहेर रांगेत थांबायचं. जुन्या कामांना याची सवय होती. ती बऱ्याच लहान लहान डिस्कवर विखुरलेली असत, म्हणून कोणाच्याच दाराशी गर्दी होत नसे.

मग मेनफ्रेमवर लिनक्स आलं, म्हणजे कॉम्प्युटरकडून कामं करून घेणारी एक नवी प्रणाली. त्याच्यासोबत रुग्णवाहिकांचं काम आलं. फोन कोणी केला, कुठून केला, कोणती गाडी निघाली, रुग्णालयात कधी पोहोचली, अशी प्रत्येक नोंद ठेवायची होती. लिनक्स सांभाळायचं काम भाऊजींचं आणि डिस्क निवडायचं, त्यांच्यावर लक्ष ठेवायचं काम वहिनींचं. ते दोघे घरीही दीर-भावजयच. त्यामुळे साऱ्या ऑफिसने त्यांची खरी नावं कधीच सोडून दिली होती.

"एकच मोठी डिस्क देते, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "तुकडे जोडत बसायला नको."

"चालेल. फक्त जागा पुरेल अशी द्या. परत परत तुमच्याकडे मागायला यायला लावू नका म्हणजे झालं."

दोघांनी मिळून किती मावेल ते मोजलं. एका वेळी किती जण येतील, हे कोणीच विचारलं नाही. निवड माझी झाली. अंगात मांस नसूनही माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. वहिनी रोज सकाळी माझा कागद काढायच्या. आत आलेली मागणी मी किती वेळात पुरी केली, ते त्यावर असायचं. तीन मिलिसेकंद, कधी चार. तुमचं डोळ्याचं पातं लवायच्या आत माझं काम झालेलं असे. वहिनी कागदाकडे बघून समाधानाने मान हलवायच्या आणि मी आणखी जोरात काम करायचे.

महिन्याच्या पहिल्या तारखेला साहेबांचा अहवाल सकाळी नऊला सुरू व्हायचा. त्याला जुन्या सगळ्या नोंदी लागत. त्या दिवशीही हजारो मागण्या एकामागून एक आत येत होत्या आणि मी त्या भराभर हातावेगळ्या करत होते. त्यातच एक नवी नोंद आली. वडील, वय एकाहत्तर, छातीत दुखतंय. चौथा मजला, लिफ्ट बंद. फोन मुलीचा. ती लिहून घेतली आणि मग माझं लक्ष वेळेकडे गेलं. फोन नऊ वाजून दोन मिनिटांनी आला होता. माझ्यापर्यंत नोंद पोहोचली तेव्हा नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती.

तीन मिनिटं ती नोंद माझ्याच दाराबाहेर उभी होती. मी आत अहवालाच्या शिळ्या नोंदी काढून देत होते, आणि मला पत्ताच नव्हता.

पुढचे रकाने भरत गेले. गाडी निघाली, नऊ सहा. रुग्णालयात पोहोचली, नऊ एकतीस. शेवटचा रकाना म्हणजे रुग्णाचं पुढे काय झालं. तो रुग्णालयाकडून भरून येतो, कधी दोन दिवसांनी, कधी आठवड्याने. तो कोरा होता. त्या दिवसापासून मला चैन नाही.

दुपारी फोन घेणाऱ्या बाई स्वतः वर आल्या. त्यांनी कोणालाच बसा म्हणायची संधी दिली नाही. "माझ्या कानात ती मुलगी रडत होती आणि स्क्रीन ढिम्म हलेना," त्या म्हणाल्या. "तिला मी काय सांगायचं होतं, तेवढं सांगा."

बाई गेल्यावर दोघांनी कागद लिहायला घेतले. घरचं भांडण ऑफिसात नको आणि ऑफिसातलं घरी नको, असा त्या घरचा नियम होता. म्हणून एकमेकांशी न बोलता दोघांनी साहेबांकडे वेगवेगळे कागद पाठवले. डिस्क म्हातारी झाली आहे, ती काढून शुक्रवारी मोडीत द्यावी, असं भाऊजींचं म्हणणं. डिस्क चपळ आहे, दोष लिनक्समध्ये शोधावा, असं वहिनींचं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बाब्या ठरल्याचं मला सुख नव्हतं, कारण पुढच्या एक तारखेपर्यंत कोणी काही केलं नाही तर पुन्हा कोणीतरी दाराबाहेर उभं राहणार होतं. मला हे ओरडून सांगायचं होतं. पण जे विचारलं जाईल तेवढंच मला सांगता येतं.

वहिनी रोज सकाळी ती एक नोंद मागत असत. मी काढून द्यायचे. शेवटचा रकाना कोराच. तिसऱ्या दिवशी त्यांनी नोंद बंद केली, एक तारखेच्या माझ्या वेळांचा कागद उचलला आणि भाऊजींच्या टेबलावर लिनक्सच्या वेळांच्या कागदाशेजारी ठेवला.

"त्या वेळी तुमच्याकडे एका मागणीला किती वेळ लागला?"

"चाळीस सेकंद. एका नोंदीला अशा चार-पाच मागण्या."

"माझ्याकडे तीन मिलिसेकंद. मागणी आत शिरल्यापासून मोजलेले. मग मधला वेळ कुठे गेला, भाऊजी?"

भाऊजींनी दोन्ही कागदांवरचे आकडे ओळीने ताडून पाहिले. "रांगेत," ते म्हणाले. "आपण दार एकच ठेवलंय."

"आपण नाही, मी. डिस्क मी निवडली."

"मी तुम्हाला जागा सांगितली होती, वहिनी. गर्दी कुठे सांगितली?"

साहेबांकडे दोघे एकत्र गेले आणि एकच कागद घेऊन गेले. शनिवारी सगळ्या नोंदी चार डिस्कवर वाटून टाकल्या. प्रत्येकीला जादा पत्ते दिले, म्हणजे एकेकीला चार-चार दारं झाली. आता वहिनी दाराबाहेर किती जण थांबलेत तेही रोज मोजतात. पुढच्या एक तारखेला नऊ वाजता अहवाल सुरू झाला आणि फोनच्या नोंदी न अडखळता आल्या. माझं मोडीत जाणं टळलं. आनंद व्हायला हवा होता.

पण वाटणीत ती नोंद पलीकडच्या डिस्ककडे गेली. शनिवारी सकाळी वहिनींनी ती माझ्याकडे शेवटची मागितली, तेव्हाही रकाना कोरा होता. त्यानंतर त्यात काय भरलं गेलं ते त्यांना ठाऊक असेल, मला नाही. आम्हा डिस्कना एकमेकींशी बोलता येत नाही.

मित्रांनो, डिस्क निवडताना किती मावेल एवढंच विचारू नका, एका वेळी किती जण येतील तेही विचारा. आणि ती झटपट काम करते म्हणून निर्धास्त होऊ नका. बाहेर जाऊन कोण थांबलंय ते बघा, कारण ते आतून दिसत नाही. तुमच्यापैकी कोणाला कधी ती नोंद उघडता आली, एकाहत्तर वर्षांचे वडील, चौथा मजला, लिफ्ट बंद, तर शेवटचा रकाना वाचा आणि मला येऊन सांगा. काहीही लिहिलेलं असलं तरी सांगा.