आलोच

माझ्या नवऱ्याच्या तोंडात एक शब्द बसलाय, त्या शब्दावर मी खटला भरायला तयार आहे. ‘आलोच.’ नवरा नळ दुरुस्तीची कामं करतो. कुणाकडे मोरी तुंबली की हा पिशवी उचलतो, दारातूनच ‘आलोच!’ म्हणतो आणि गायब होतो. मग जेवण दोनदा गरम होतं. तिसऱ्यांदा मी त्याच्या नावाने खडे फोडत एकटीच जेवून घेते.

आमची लेक भिंगरी मात्र खडे फोडत नाही, ती गप्प होते. बाप-लेकीचा बुद्धिबळाचा एक डाव कधीपासून अर्धवट पडलाय. पट फ्रिजवर असतो आणि त्यावर तिची चिठ्ठी: ‘हात लावू नये.’ बापाने शब्द दिला होता, की सुट्टीला तळ्याकाठी जाऊ तेव्हा हा डाव संपवायचाच.

आणि निघायच्या दिवशी, बॅगा दारात असताना, तिथल्या हॉटेलवाल्याचा फोन आला. पाइप फुटलाय, खोल्यांत घोटाभर पाणी, येऊ नका.

“कुठला पाइप?” नवऱ्याचे डोळे चमकले. “मी बघतो की! आलो...”

मी फोन हिसकावून घेतला.

सगळ्यांची तोंडं पडली. भिंगरीने मात्र हळूच दाराला कडी घातली. “आपण गेलोय असंच सगळ्यांना वाटतंय ना? मग आपण गेलोयच.”

झालं! पडदे ओढले, नवऱ्याचा फोन बंद होऊन पिठाच्या डब्यात गेला. सासूबाईंनी प्रवासाचे नवे कपडे चढवले आणि आरामखुर्चीत बसून फर्मान सोडलं, “या हॉटेलात चहा फार उशिरा मिळतो हो.” आम्ही कुजबुजत बोलायचो, चवड्यांवर चालायचो. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांच्याशी कुजबुजायचं म्हणजे ओरडण्याहून जास्त दम लागायचा. पहिल्या दिवशी आम्ही नुसते लोळलो. इतकं हसलो, की तोंडात उशी कोंबावी लागली. नवरा सलग तीन वेळा गरम गरम जेवला. मला त्याचं इतकं कौतुक वाटलं, की मी बघतच बसले.

दुसऱ्या दिवशी पट खाली उतरला. डाव रंगात आला. भिंगरीचा वजीर बापाच्या राजाच्या मागे हात धुऊन लागला होता. एवढ्यात दारावर थाप पडली.

आम्ही जागच्या जागी थिजलो.

“आत कोण आहे?” खालच्या मजल्यावरच्या काकांचा आवाज. “मला पावलं ऐकू येताहेत! बऱ्या बोलाने बाहेर ये!”

आणि माझ्या नवऱ्याने, जन्माच्या सवयीने, खणखणीत उत्तर दिलं, “आलोच!”

मी कपाळावर हात मारला. दार उघडलं, तर काका झाडूचा दांडा उगारून उभे. “चोर ‘आलोच’ म्हणाला तेव्हाच ओळखलं मी,” ते म्हणाले, आणि लगेच त्यांचा चेहरा उजळला. “बरं झालं बाबा, घरीच आहेस. आमचा नळ जरा बघतोस? सारखा गळतोय.”

नवऱ्याचा हात आपोआप पिशवीकडे गेला. भिंगरीने पट अलगद उचलला, एकही सोंगटी न हलवता, आणि फ्रिजकडे निघाली.

नवरा तिच्या पाठीकडे बघत राहिला.

“काका, नळ कधीपासून गळतोय?”

“झाला असेल महिना.”

“मग अजून एक डाव गळू दे,” तो म्हणाला आणि लेकीच्या हातातून पट घेऊन खाली बसला.

काकाही बसले, दांडा मांडीवर घेऊन. एकदा “घोडा, घोडा!” असं पुटपुटले, तर सासूबाईंनी त्यांना असं झापलं, की पुन्हा आवाज नाही. शेवटी वजिराने राजाला कोपऱ्यात गाठलं. नवरा मुद्दाम हरला का? छे! त्याचं तोंड बघायला हवं होतं.

भिंगरीने ‘हात लावू नये’ची चिठ्ठी फाडून टाकली. मग बापाची पिशवी स्वतःच्या खांद्याला अडकवली. पिशवीच्या वजनाने एका बाजूला कलली, पण कुणाला हात लावू देईना. दारातून वळून मला म्हणाली, “आई, आम्ही आलोच!”

मी चहा टाकला. तो उकळायच्या आत दोघं परत आली.