चार घरांतल्या सख्ख्या बहिणी

मी एक जुने निळे पिंप आहे, मित्रांनो. पिंप्राळ्यात जतनबाईंच्या घरी आले तेव्हा माझा थाट होता. नळ दिवसाआड, त्यामुळे कुणाकडे साखरपुडा, जावळ असले की मला मागणी. पाहुणे असेतो, दहा-पंधरा दिवस मी तिथेच. "पिंप माझं, पाणी गावाचं," जतनबाई ऐटीत म्हणायच्या.

घरोघरी डास पकडणाऱ्या नाजमीनचे मला फार कौतुक. त्या कामावर तिचे घर चालायचे. नळीने एकेक डास ओढायची, कुपीवर पत्ता आणि तारीख लिहायची. पुढे प्रयोगशाळेत त्या डासांची नाती शोधत. पकडलेल्यांत नातेवाईक वारंवार निघाले तर गावात डास थोडे, क्वचित निघाले तर अफाट. लेक सापडल्यावर किती दिवसांनी आई सापडली, यावरून डास किती जगतात तेही कळे. एवढ्याशा जिवाची वंशावळ मांडणारी डोकी ती. पण सगळा डोलारा नाजमीनच्या खऱ्या पत्त्यांवर उभा.

मे महिन्यात लांबलांबच्या चार घरांतले डास सख्ख्या बहिणी निघाले. आणि डास तर फार लांब उडत नाही. प्रयोगशाळेचे साहेब गल्लीत येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, एकाच घरी बसून डास पकडलेत आणि चार पत्ते लिहिलेत. उद्यापासून येऊ नका."

साहेबांनी जन्मात एक डास पकडला नव्हता. दुसऱ्याला खोटे ठरवायला नळी लागत नाही.

नाजमीन रडली नाही. तारखा घेऊन चारही घरी गेली. "तेव्हा घरात नवीन काय आलं होतं?" एवढेच विचारी.

"नवीन कशाचं, आपा? जतनबाईंचं पिंप होतं," पहिल्या घरची हुस्नबानो म्हणाली. दुसऱ्या घरी, कोकिळाकडेही मीच. चारही घरी मीच.

मला तडा जावासा वाटला. लोक मला रिकामे करून पुढे देत, आतून घासत कुणी नसे. काठाला चिकटलेली एकाच आईची अंडी कोरडी राहूनही टिकली, आणि नव्या घरी पाणी भरले की थोडी थोडी फुटून डास निघाले.

जतनबाई तडकल्या. "माझ्या पिंपाला नावं ठेवतेस?"

"आत बोट फिरवून बघा, काकू."

बोटाला काळे कण लागले, डासांची अंडी. जतनबाईंनी ते उजेडात धरून पाहिले. मग रिक्षा करून थेट साहेबांसमोर उभ्या राहिल्या. "पोरीचे पत्ते खरे आहेत. घाण माझ्या पिंपात होती. लिहून घ्या."

नाजमीन कामावर परतली. साहेबांनी माफी मागितली नाही; तसली माणसे मागत नाहीत.

मित्रांनो, पिंप नुसते उपडे करू नका, काथ्याने काठ घासा. आणि उन्हातान्हात दारोदार हिंडणाऱ्या बाईला खोटे म्हणण्याआधी तिच्या मागून चार घरे तरी चाला.