सिनेटर हाउगेरूडला आमच्या गोष्टी कोण सांगायचं

हे तुम्हांला खरं वाटणार नाही. वाटायला नकोच, डोळ्यांदेखत घडूनसुद्धा मलाच ते अजून पुरतं पचलेलं नाही. पण मी, ऑर्व्हल स्कोगस्टाड, वय वर्षं एकोणऐंशी, या काउंटीतला पक्षाचा अध्यक्ष, जे सांगतोय त्यात राईएवढंसुद्धा पदरचं नाही. मर्ल, तू आधीच हसू नकोस. डार्लीन, बाकीची गिऱ्हाइकं थांबतील, आम्हांला कॉफी ओत आणि तूही ऐक.

हाउगेरूड अठरा वर्षं सिनेटर आहे. तीनदा आमच्या पक्षानं त्याच्यासमोर माणूस उभा केला आणि तीनदा तो माणूस उताणा पडला. यंदा मात्र पहिल्यांदाच वारं फिरलं होतं. बीटवाल्या शेतकऱ्यांच्या विरोधात मत देऊन हाउगेरूडनं स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि आमच्याकडे होती जोन केसेल. गुरांची डॉक्टर. अर्ध्या नॉर्थ डकोटातल्या गोठ्यांत या बाईचा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात जाऊन आलेला. अशा बाईला तोंडावर नाही म्हणायची कुणाची छाती आहे?

पक्षाचा राज्याध्यक्ष क्लेटन रड राजधानी बिस्मार्कहून मुद्दाम आला. म्हणाला, "ऑर्व्हल, सगळं गणित सहाशे मतांवर अडलंय, आणि ती सहाशे मतं तुझ्या काउंटीत आहेत."

मी म्हटलं, "माझ्या काउंटीत नाहीत. व्हिव्हियनच्या डोक्यात आहेत."

खोटं नव्हतं ते. व्हिव्हियन डालेन चाळीस वर्षं आमची चिटणीस. कोण कुणावर रुसलाय, कुणाला गाडीत घालून नेलं तरच तो मत देतो, कुणाकडे गेल्यावर आधी कुत्र्याची चौकशी करावी लागते, सगळं तिला तोंडपाठ. कागदावर एक ओळ नाही.

आता इथून पुढे पाणी मुरायला लागलं. मंगळवारी आम्ही चर्चच्या तळघरात बसून ठरवायचो की जोननं काय बोलायचं, आणि बुधवारी सकाळी हाउगेरूड तेच रेडिओवर बोलून मोकळा. एकदा झालं, आम्ही म्हटलं योगायोग. दुसऱ्यांदा झालं, आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिसऱ्यांदा झालं तेव्हा एकमेकांकडे बघायचंच सोडलं.

रड म्हणाला, "घरभेद्या शोध."

मी शोधायला लागलो, आणि मग जो तो मला तसाच दिसायला लागला. पास्टर लायल प्रार्थनेत एक डोळा उघडा ठेवतो. का ठेवतो? रडनं यंदा नवे बूट घेतले. कुठून घेतले? माझी बायको मंगळवारी मला सारखी "आज काय ठरलं" म्हणून विचारायची. पन्नास वर्षांत तिनं मला कधी काही विचारलं नव्हतं!

आणि एक दिवस मी हाउगेरूडच्या मेन स्ट्रीटवरच्या कचेरीत गेलो.

"तू तिथे कशाला गेला होतास?" मर्लनं विचारलं.

हेरगिरीला. शिवाय त्यांच्याकडे डोनट फुकट असतात. तर तिथे फळीवर घासूनपुसून ठेवलेलं एक काचेचं भांडं होतं. मी सहज उलटं केलं. खाली चिकटपट्टी, आणि तिच्यावर निळ्या शाईत: व्ही. डालेन.

माझ्या हातातला डोनट तसाच राहिला. आपल्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला मालकिणीचं नाव असतं, म्हणून तर भांडं काउंटीभर फिरून बरोबर घरी परत येतं. पण आपल्या चिटणिसाचं भांडं शत्रूच्या फळीवर काय करत होतं?

मी फक्त दोघांना सांगितलं. संध्याकाळपर्यंत काउंटीला कळलं.

व्हिव्हियनला कुणी काही बोललं नाही. आपण तसली माणसं नव्हेत. पुढच्या मंगळवारी बैठकीच्या जेवणाला सगळे हसून म्हणाले, "काय व्हिव्हियन, थंडी पडली नाही?" आणि तिनं घरून आणलेल्या हॉटडिशला कुणी चमचा लावला नाही. खिमा, घेवडा, वर बटाट्याचे कुरकुरीत गोळे, भट्टीतून नुकतंच काढलेलं. तीस माणसं जेवली. राजमा संपला, पाव संपला. गाजर घातलेली हिरवी जेली, जी या गावात आजवर कुणी खाल्लेली नाही, तीसुद्धा त्या दिवशी संपली. तिचं भांडं मात्र काठोकाठ भरलेलं. वाफ येत होती, मग कमी झाली, मग थांबली. ती टेबलाच्या टोकाला उभी राहून बघत होती. शेवटी तिनं झाकण लावलं, कोट चढवला आणि गेली. परत आली नाही.

तिच्याबरोबर सहाशे मतंही गेली.

"पण ते भांडं मयताच्या जेवणाचं होतं," मर्ल म्हणाला. "ऑगस्टमध्ये हाउगेरूडची आई गेली, तेव्हा व्हिव्हियननं नेलं होतं. मयताला शत्रू बघतात का? तूही होतास की तिथे."

होतो. जेवलोसुद्धा. जेवताना भांड्याचं बूड कोण बघतो? आणि हे कळलं तोवर फार उशीर झाला होता. मधे तोंड घालू नकोस, खरी गंमत पुढेच आहे.

व्हिव्हियन गेली, तरी चोरी चालूच! मग मी सापळा लावला. तिघांना तीन थापा. पास्टरला चर्चच्या अंगणात गाठून सांगितलं, जोन जत्रेत पहिल्या नंबरच्या वळूचा मुका घेणार आहे. रडला फोनवर सांगितलं, जोन निवडून आली तर गव्हर्नरच्या बंगल्याच्या हिरवळीवर बीट लावणार. आणि व्हिव्हियनच्या घरी गेलो. तिनं जाळीचं दार उघडलं नाही. जाळीतूनच मी सांगितलं, नव्या पुलाला जोन स्वतःच्या घोडीचं नाव देणार. "बरं," म्हणाली, आणि आतलं दार लावून घेतलं.

हे मंगळवारी सकाळी. बुधवारी रेडिओवर हाउगेरूड खो खो हसत म्हणतोय, "माझ्या विरोधातल्या बाई वळूचा मुका घेणार, गव्हर्नरच्या दारात बीट लावणार, आणि पुलाला घोडीचं नाव देणार!"

तिन्ही! एका दमात!

म्हणजे तिघंही फितूर? छे. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तसाच तळघरात गेलो आणि गरम हवेच्या नळीला कान लावला. आत कुणीतरी चावत होतं. उंदीर एवढ्या सावकाश चावत नाही. मी जाळीचे स्क्रू काढले, हात घातला, हाताला बूट लागले. ओढले. बुटांमागून पाय, पायांमागून पोट, आणि पोटामागून आपला सिनेटर हाउगेरूड, काजळीनं काळाकुट्ट, तोंडात लिंबाच्या वडीचा तुकडा! अकरा दिवस नळीत मुक्काम! बायका वड्या गरम राहाव्यात म्हणून जाळीवर ठेवत, त्या तो खालून ओढून खायचा. मला म्हणाला, "ऑर्व्हल, कुणाला सांगू नकोस." मी म्हटलं, "सिनेटरसाहेब, माझ्या पोटात राहतं." म्हणून इतके दिवस बोललो नाही.

तर मर्ल, तुझं घर व्हिव्हियनच्या शेजारी. घरी जाताना तेवढं तिच्या कानावर घाल, की घरभेद्या हाउगेरूडच होता, तुझं नाव स्वच्छ आहे, तेव्हा आता परत ये. मीच गेलो असतो, पण माझा गुडघा...

मर्ल टोपी हातात घेऊन अर्धा उठलाही. पण डार्लीननं कॉफीचं भांडं टेबलावर आपटलं.

"बस, मर्ल. ऑर्व्हल, व्हिव्हियनच्या जाळीच्या दाराला चर्चची नळी जोडलेली आहे का रे?"

मी म्हटलं, "हवा कुठून कुठे जाते, कुणी सांगावं."

"मी सांगते. पास्टरला वळू ठाऊक, रडला बीट ठाऊक, व्हिव्हियनला घोडी ठाऊक. तिन्ही ठाऊक असलेला माणूस काउंटीत एकच. त्या मंगळवारी तू इथे याच खुर्चीत बसून, मांडी थोपटत, मी कशी तिघांची जिरवली म्हणून सगळ्यांना ऐकवलंस. दर मंगळवारी बैठक संपली की ऐकवतोसच. मी कॉफी ओतत होते. आणि तिथे काउंटरवर हाउगेरूडचा मेव्हणा अंडी खात होता. त्यानं नंतर माझ्याकडे लिहायला पेन मागितलं."

मर्ल टोपीच्या आत बघत होता.

"साफ खोटं बोलतोयस, म्हाताऱ्या," डार्लीन म्हणाली. "नळीत कुणी नव्हतं. घरभेद्या तूच. मतदानाला सहा दिवस उरलेत आणि व्हिव्हियनचं घर तीन गल्ल्यांवर आहे. गुडघा दुखतोय तर मर्लचा खांदा धर, पण तिला सांगायचं ते तुझ्या तोंडानं सांग."