हाताला लागलं होतं

"काका, यातली गाठ खोटी वाटते," सिस्टर म्हणाली.

माझ्या कामाच्या टेबलावर मी शिवलेला कापडी स्तन होता आणि ती त्यावर तीन बोटं फिरवत होती. छातीतली गाठ कशी ओळखायची, हे वस्त्यांमध्ये जाऊन बायकांना दाखवायचं तिचं काम. रबराच्या नमुन्याला हात लावायला बायका बिचकायच्या, म्हणून कापडाचा हवा होता. आत घालायला दवाखान्याने काचेचे मणी दिले होते.

मी खुर्च्यांच्या आणि सोफ्यांच्या बैठका भरणारा माणूस. शेजारचा सुतार दारातून वाकून म्हणाला, "वा! म्हातारपणी झकास धंदा काढलास. मापं कुणी दिली रे?"

सिस्टरने वळून नुसतं पाहिलं. त्याला लगेच आठवलं, की सरस करपतोय.

"मणी गोल आहे," मी म्हणालो. "ती इतकी गोल नव्हती. आणि मणी बोटाखालून निसटतो. ती हलत नव्हती."

"प्रत्येक गाठ तशीच नसते, काका. पण तशीही एक हवी." मग ती थांबली. "ती म्हणजे, काकूंची? तुम्हाला कसं माहीत?"

"डॉक्टर म्हणाले होते," मी खोटं बोललो.

ती गेल्यावर मी शिवण उसवली आणि मणी काढला. मेण घालून पाहिलं, फार मऊ. लाकडाची ढलपी घातली, फार कोरडी. शेवटी चपलेच्या तळाचं जाड चामडं भिजवलं, हातोडीने ठोकून त्याच्या कडा वेड्यावाकड्या केल्या आणि मागच्या कापडाला दोन टाके घालून पक्कं केलं. वर कापूस भरला. डोळे मिटून बोटं ठेवली आणि लगेच उचलली. तीच होती.

चाळीस वर्षं मी हाताने पोटं भरली आहेत, गाद्यांची आणि घरच्यांची. वरून दाबून सांगतो, आत काय आहे, कुठे गुठळी झाली आहे. ही त्यावरून माझी थट्टा करायची. एकदा दुपारी डबा घेऊन दुकानात आली, पडदा ओढला आणि म्हणाली, "अहो, तुमच्या हाताला गादीतला खडा कळतो ना? मग हे बघा बरं."

मी पाहिलं. माझ्या हाताला कळलं. नाव माहीत नव्हतं, पण हे अंगातलं नाही एवढं कळलं.

"काही नाही," मी म्हणालो. "हाताखाली दबून झोपली असशील."

तेवढ्यावर तिचं समाधान झालं. पुढे बहीण म्हणाली, दाखवून ये, तेव्हा ती हसून म्हणाली, "यांनी पाहिलंय गं. काही नाही म्हणाले." दवाखान्यात गेलो ते सात महिन्यांनी, काखेत दुसरी गाठ आल्यावर. तिथेही तिने माझं नाव घेतलं नाही.

बाकीचे नमुने मी मणी घालूनच शिवले आणि ते सगळे वस्त्यांमध्ये फिरू लागले. तीन महिन्यांनी सिस्टर त्यांच्या खोळी बदलून घ्यायला आली. इतर नमुन्यांच्या खोळी सगळीकडून सारख्या मळल्या होत्या. चामड्याची गाठ असलेल्या नमुन्याची एकाच जागी काळी झाली होती.

"चार बायका तपासायला आल्या," ती म्हणाली. "तिघींचं निभावेल."

"आणि चौथी?"

"उशीर झाला. तिला आधीच लागली होती हो हाताला. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, काही नाही."

मी मशीन थांबवलं.

"पुरुषांना दाखवता का हे?"

"पुरुष येतात कुठे? आलेच तर खिदळतात."

"खिदळू देत. मी येतो."

पुढच्या आठवड्यात पंप दुरुस्तीच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत गेलो. बाकांवर वीसेक माणसं होती. सिस्टरने पिशवीतून नमुना काढला आणि हशा पिकला.

"काका, शिकवणी कुठे घेतली?" पुढच्या बाकावरचा मेकॅनिक ओरडला. "आम्हालाही पत्ता द्या!"

"देतो," मी म्हणालो. मी टेबलाची कड धरली. "ही माझ्या बायकोची गाठ आहे. तिने मला हात लावून बघायला सांगितलं होतं. मला लागली होती. मी घाबरलो आणि काही नाही म्हणालो. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. ती गेली, त्याला परवा दोन वर्षं होतील."

सिस्टर माझ्याकडे बघत राहिली. बाकावर कुणाचा तरी डबा अर्धवट उघडा राहिला होता.

"तुम्हाला डॉक्टर व्हायला सांगत नाही," मी म्हणालो. "फक्त काही नाही म्हणू नका. या, हात लावून बघा."

कुणी उठेना. मग तोच मेकॅनिक उठला. टेबलापर्यंत आला, हात पुढे केला आणि मागे घेतला. बोटं काळ्या तेलाने माखली होती. त्याने खिशातून चिंधी काढली आणि एकेक बोट पुसू लागला, नखाच्या कडेपर्यंत. आम्ही सगळे थांबलो.