टाकीचं झाकण

गुरुदासची मोटरसायकल चालता चालता बंद पडायची आणि कारण सापडत नव्हतं. जुनी गाडी आहे, भंगारात घाल आणि नवी घे, असं सांगणारे पेडण्याच्या स्टँडवर पुष्कळ होते. सल्ला द्यायला जीभ पुरते, आणि त्यांच्यातल्या एकानेही जन्मात स्वतःच्या गाडीचा स्क्रू फिरवला नव्हता. पण गुरुदासला गाडीपेक्षा कारण हवं होतं. त्याची आई मये गावी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा ही गाडी अस्नोड्याच्या रस्त्यावर बसली, आणि तो पोचला तोवर सगळं संपलं होतं. धाकट्या भावाला त्याने बाराव्याच्या दिवशी तोंडावर सांगितलं होतं, गाडी का बंद पडली ते मी शोधून काढीन आणि महिन्याच्या मासिक श्राद्धाला येऊन तुला सांगीन. मासिक आता तोंडावर आलं होतं.

गुरुदास पायलट होता. गोव्याबाहेरच्या माणसाला पायलट म्हटलं की विमान आठवतं. आमच्याकडे पायलट म्हणजे मोटरसायकलवरून भाडं मारणारा, पिवळं मडगार्ड आणि मागच्या सीटवर बाजारची पिशवी मांडीत धरून बसलेली एखादी आजी. उभा जन्म त्याने ह्याच धंद्यात घालवला. गाडीच्या आवाजावरून तिचं दुखणं ओळखतो अशी त्याची ख्याती होती, आणि ती ख्याती पसरवण्यात त्याचा स्वतःचाही हात होता.

आई गेली त्या दिवशी सकाळी भावाचा, प्रशांतचा, फोन आला. "दादा, आवय सारख्या वयनीचा नाव घेता. तिका घेवन बेगीन ये."

आवय म्हणजे आई, आणि वयनी म्हणजे गुरुदासची बायको चंद्रावती. गणपतीच्या चवथीच्या आधी एका दुपारी सासूसुनेचा नारळावरून शब्दाला शब्द लागला आणि चंद्रावती बोलून गेली, "माझ्या चुलीकडे येव नकात." म्हातारीने त्याच संध्याकाळी लुगडी बांधली आणि धाकट्याकडे मयेला निघून गेली. त्यानंतर दोघी भेटल्या नाहीत. चंद्रावती मागच्या दारी बसून डोळे पुसायची, पण मयेला जाऊया म्हटलं की तिला नेमकं काहीतरी काम निघायचं. फोन आला तशी मात्र ती लगेच उठली. चुलीवरची पेज डब्यात भरली, म्हातारीला लागायची तशी पातळ, आणि डबा पोटाशी धरून मागे बसली.

निघण्याआधी तिने रोजचं काम केलं, गाडीला पिंजर लावलं. पिंजर म्हणजे कुंकू. पूर्वी कधीतरी धारगळच्या उतारावर गुरुदास ट्रकच्या चाकाखाली जाता जाता वाचला होता. तेव्हापासून पिंजर लावल्याशिवाय ती गाडी अंगणातून हलू देत नसे. आधी ती दिव्याच्या काचेवर लावायची. गुरुदास करवादला, रात्रीचा उजेड लाल पडतो, तिथे नको, हवं तर टाकीच्या झाकणावर लाव. मग ती झाकणावर लावू लागली. वाऱ्यापावसात टिकावं म्हणून खोबरेल तेलात कालवून, बोटाने दाबून. त्या दिवशी तर तिने दोनदा बोट बुडवलं.

म्हापशाला गुरुदासने टाकी गळ्यापर्यंत भरली. एरवी तो लागेल तेवढंच पेट्रोल घालायचा, पण आज कुठेही थांबायला नको होतं. अस्नोडा जवळ आला आणि गाडीने दोन आचके दिले. मग बसली.

त्याने कार्बोरेटरच्या वाटीचा खालचा स्क्रू सैल केला. पेट्रोल थेंब थेंब आलं आणि थांबलं. कचरा असणार, त्याने मनाशी म्हटलं. खाणीच्या ट्रकांची लाल माती ह्या रस्त्यावर कुठे नाही? टाकीचं झाकण उघडून, गाडी हलवून त्याने पेट्रोल आहे ना ते बघितलं, झाकण घट्ट लावलं, किक मारली. गाडी चालू! कचरा गेला म्हणून तो खूश झाला, आणि शिरगावचा फाटा यायच्या आत ती पुन्हा बसली.

पुन्हा स्क्रू, पुन्हा झाकण, पुन्हा किक. तेवढ्यात मागून डिचोलीची बस आली.

"बस इली. हात करा," चंद्रावती म्हणाली.

"थांब गो जरा. आता चालू होता."

बस गेली. गाडी चालूही झाली, आणि मुळगावात परत बंद पडली. चंद्रावती रस्त्याच्या कडेला डबा धरून उभी होती. पेज निवत चालली होती, आणि गुरुदासला तेच जास्त लागत होतं.

ते पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. म्हातारीच्या तोंडात पाणी प्रशांतच्या बायकोने, रेश्माने, घातलं होतं. ते थोरल्या मुलाच्या हातून व्हायला हवं होतं.

प्रशांत सगळ्यांसमोर म्हणाला, "येवचा नाय होता तर तसा सांगाचा होतास. गाडयेवर कित्याक घालतंस?" बोलत होता भावाशी, पण बघत होता चंद्रावतीकडे. मग अंगणातल्या बायाही तिच्याकडे बघायला लागल्या.

सुतक फिटलं, दोघं पेडण्याला परतली. चंद्रावती पुन्हा रोज पिंजर लावू लागली. "देवाच्याच मनात नव्हता," ती म्हणायची, "आमची भेट जावची नव्हती." तेवढ्या एका वाक्यावर ती दिवस काढत होती.

गुरुदासला देवाचं कारण पुरणारं नव्हतं. स्टँडवरून सुटला की तो सखारामच्या गॅरेजात जाऊन बसे. सखाराम मूळचा बांद्याचा. हात सोन्याचे आणि तोंड फाटकं. त्याने कार्बोरेटर उतरवला, वाटी खोलली, दोन्ही जेट हवेने फुंकले. गुरुदास तांब्याची तार घेऊन पुढे सरसावला तसा त्याच्यावर खेकसला, "तार घालू नकात! भोक मोठा झाला की गाडी पेट्रोल पियत बसतली." फ्लोट हलवून बघितला, त्याची सुई नवी टाकली. टाकीखालच्या कॉकमधली, म्हणजे पेट्रोलच्या तोटीतली, जाळी धुतली, प्लग बदलला, एअर फिल्टर झटकला तेव्हा मूठभर लाल माती निघाली आणि दोघांनाही वाटलं, सापडलं. गाडी गॅरेजात तासन् तास सुरेख चालू राही, कारण सखाराम दर वेळी टाकी उतरवून ठेवायचा आणि आपल्या बाटलीतून नळीने पेट्रोल द्यायचा. टाकी बसवून रस्त्यावर नेली की थोड्याच वेळात तिची तीच रड.

"तापता आणि बंद पडता. कॉइल आसतली," सखाराम शेवटी म्हणाला. दुसऱ्या गाडीची कॉइल लावून बघितली. कॉइलचाही दोष नव्हता.

मासिकाच्या आदल्या दिवशी दोघं पत्रादेवीच्या रस्त्याला गेले. गाडी बसली तशी सखारामने तिथेच कार्बोरेटरची नळी उपसली. टाकी अर्धीअधिक भरलेली, कॉक पूर्ण उघडा, आणि नळीतून एक थेंब येऊन लोंबकळत राहिला. दोघंही नळीकडे बघत बसले. टाकीत काय अडकलंय ते बघावं म्हणून गुरुदासने किल्ली फिरवून झाकण उचललं. फुस्स करून आत हवा ओढली गेली आणि त्याच क्षणी नळीतून पेट्रोलची धार सखारामच्या पायावर पडली.

गुरुदासने झाकण दाबून लावलं. धार बारीक होत होत थांबली. उघडलं, पुन्हा वाहिली. मग त्याने झाकण पूर्ण काढून हातात घेतलं. किल्लीच्या बाजूला सुईएवढं भोक असतं, पेट्रोल खाली उतरेल तशी आत हवा जायला. भोक दिसतच नव्हतं. त्याच्यावर लाल, कडक झालेला थर होता. शर्टाची पिन काढून त्याने तो टोकरला, तेव्हा तेलकट पिंजराची एक बारीक गुठळी निघाली.

सखारामला हसूच फुटलं. "अरे देवा! आमी हंय कार्बोरेटर चाटून पुसून काढलो, आणि वयनीन गाडयेचो गळोच दाबून धरल्यान!" तो मांडीवर थाप मारून हसला, आणि मग गुरुदासचा चेहरा बघून त्याचं हसू तिथल्या तिथे विरलं. टाकी जितकी भरलेली तितकी ती लवकर गुदमरते, हे त्याला वेगळं सांगायला नको होतं. म्हापशाला टाकी गळ्यापर्यंत भरली होती, हे गुरुदासनेच त्याला दहादा सांगितलं होतं.

"आता प्रशांताक सांगाक तुमका कारण गावला," सखाराम हळू आवाजात म्हणाला.

"गावला."

"सांगतलात?"

गुरुदासने ती गुठळी बोटांत चुरडली. त्याला दिसत होतं सगळं. प्रशांत म्हणेल, हिनेच आवयला अडवलं. मयेच्या बाया म्हणतील, पिंजर कसलं, करणीच ती, सासूशी वाकडं होतंच. आणि चंद्रावती? ती काहीच म्हणणार नाही. अंगणातली ती सकाळ आठवेल, दोनदा बुडवलेलं बोट आठवेल, आणि आयुष्यभर त्या बोटाकडे बघत बसेल. झाकणावर लाव म्हणून सांगणारा तोच होता, आणि बस सोडणाराही तोच.

"वयनीक कळता कामा नये," तो म्हणाला. सखारामने मान हलवली. फाटक्या तोंडाचा माणूस, पण ती गोष्ट त्याने आजवर कुणाला सांगितलेली नाही.

मासिकाच्या सकाळी चंद्रावती पिंजर घेऊन बाहेर आली. "आज हँडलाक लाय," गुरुदास म्हणाला. तिने हँडलला लावलं. गाडी म्हापसा, अस्नोडा, शिरगावचा फाटा, मुळगाव सगळं मागे टाकत पाण्यासारखी चालली. मुळगाव सरलं तेव्हा मागून तिचा आवाज आला, "बरी चलता आज." तो हूं म्हणाला.

पिंडदान झालं, कावळा शिवला, पानं मांडली. प्रशांत भावाच्या समोरच बसला होता. रेश्मा भात वाढत होती आणि चंद्रावती वरणाचं भांडं घेऊन तिच्या मागे.

"काय मगे दादा," प्रशांतने विचारलं, "कारण गावला गाडयेचा?"

गुरुदासने पानातला भात सारखा केला. "गावला. म्हापशाक पेट्रोल घातलंय तेव्हा कॉक बंद केलेलंय. मगे उघडलंय तो अर्धोच. गडबडीत ध्यानातच इला नाय."

प्रशांत स्वतः मोटरसायकल चालवणारा. अर्ध्या कॉकवर गाडी थोडं चालते आणि बसते, हे त्याला ठाऊक होतं. नव्याने शिकणारं पोर करतं तसली ही चूक. तो भावाकडे बघत राहिला. "तू? इतक्या वर्सांचो पायलट तू?"

"हां."

"म्हणजे कॉक पुरो उघडलो आसतस तर पोचलो आसतस."

"पोचलो आसतंय."

गुरुदासला वाटलं होतं तो ओरडेल. तो ओरडला नाही. पानावरचा हात तसाच ठेवून, मान वर करून चंद्रावतीला म्हणाला, "वयनी, त्या दिसा मी तुमका नको ता बोललंय. मनात घेव नकात. आवय शेवटपर्यंत तुमचाच नाव घेय होती."

रेश्माने डोळ्यांना पदर लावला. गुरुदासच्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं; ज्यासाठी एवढं केलं ते झालं होतं. मग त्याने बायकोकडे बघितलं. चंद्रावती वरणाचं भांडं हातात घेऊन उभी होती आणि त्याच्या तोंडाकडे बघत होती. भावाने त्याचं खोटं खरं मानलं होतं. तिनेही खरं मानलं होतं.

त्याच्या पानात वरण न वाढताच ती पुढे गेली.

उन्हं कलली तेव्हा त्याने गाडी अंगणातून बाहेर काढली आणि तिला हाक मारली. ती पायरीपर्यंत आली, खाली उतरली नाही.

"मी हयच रवतंय थोडे दिवस," ती म्हणाली. "रेश्माक विचारलंय."

"चंद्रा..."

"इतके दिवस मी देवाक बोल लावलंय." तिचा आवाज चढला नाही की कापला नाही. "देवाचो काय दोष होतो?"

तो सांगू शकला असता. अजूनही एका वाक्याचंच काम होतं, आणि ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही. मागे स्वयंपाकघरातून रेश्माने "वयनी" अशी हाक मारली, आपल्या माणसाला मारावी तशी. चंद्रावती "इलंय गो" म्हणून आत वळली.

गुरुदासने किक मारली. पहिल्याच किकला गाडी चालू झाली. अस्नोड्यापर्यंत तो आवाज ऐकत राहिला, एक आचका तरी लागेल म्हणून. बसली तर मागे फिरायला निमित्त मिळालं असतं. पण गाडी पेडण्यापर्यंत एकदाही अडखळली नाही.